‘नाहीतर’च्या पोटात काय गेलं?

प्रश्न : बाई, मी निपाणीची. बेळगावात होस्टेलला राहून इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला शिकते. सरावासाठी बसच्या तिकिटाचा प्रोग्राम पायथनमध्ये लिहायला घेतला. गाडी कर्नाटकची की महाराष्ट्राची, प्रवासी महिला की पुरुष, वय किती, प्रवास राज्यातला की हद्दीपलीकडचा, एवढं बघून तिकीट काढायचं. इफ-एल्सच्या, म्हणजे ‘असेल तर – नाहीतर’च्या, एकात एक अशा सहा पायऱ्या झाल्या आणि स्क्रीन उजवीकडे सरकवल्याशिवाय ओळ दिसेना. मैत्रीण म्हणाली, पॅटर्न मॅचिंग वापर, म्हणजे प्रत्येक प्रकारचा प्रवासी ‘केस’च्या एकेका ओळीत मांड. ते वापरल्यापासून सगळ्यांनाच शून्य तिकीट मिळतंय. पुरुषांना, राजहंस या आरामगाडीत बसलेल्यांना, कोल्हापूरला निघालेल्यांनासुद्धा. एरर कुठलीच येत नाही. फाईलच्या वरती महिला, कर्नाटक, साधी, राज्यात अशा नावांना आकडे देऊन ठेवले होते आणि केसमध्ये कंसात तीच चार नावं लिहिली. चुकलं कुठं? आणि इफ-एल्स येत असताना हे शिकण्यात खरंच अर्थ आहे का?
– एक विद्यार्थिनी, निपाणी

उत्तर : आधी तुझी चूक, कारण तिच्यात बराचसा धडा आहे.

पायथनमध्ये केसपुढे तू ‘महिला’ असं नुसतं नाव लिहितेस, तेव्हा तुझ्या मनात असतं, ‘या नावात जो आकडा आहे त्याच्याशी ताडून बघ.’ पायथन मात्र ते उलटं वाचतो : ‘या जागी जे येईल ते या नावात ठेव.’ तू चार जागा दाखवल्यास आणि चारही जागी नुसती नावं दिलीस. म्हणजे पायथनच्या लेखी त्या ओळीचा अर्थ एवढाच झाला, की चार वस्तूंचा कुठलाही संच चालेल. पुरुष आला तरी जुळला, राजहंस आली तरी जुळली. खात्री करायची असेल तर पुरुष प्रवासी देऊन बघ आणि त्या केसच्या आत ‘महिला’ छापून बघ. तिथे पुरुषाचा आकडा निघेल. तू वर ठेवलेली किंमत पुसून तिथे नवी बसलेली असते.

एरर का आली नाही, तेही सांगते. कंस न घालता एकच नुसतं नाव पहिल्या केसला दिलं असतंस, तर पायथनने प्रोग्राम चालवायलाच नकार दिला असता, कारण मग खालच्या केसपर्यंत कुणी पोचूच शकत नाही हे त्याला कळतं. कंसातल्या चार नावांच्या बाबतीत त्याला वाटतं, कदाचित तीन वस्तूंचाही संच येईल आणि तो खाली जाईल. म्हणून तो गप्प बसतो.

उपाय सोपा आहे. एनम कर (म्हणजे एका गोष्टीच्या ठरावीक प्रकारांच्या नावांची यादी) आणि नाव टिंब देऊन लिही : लिंग.महिला, गाडी.साधी. टिंब असलेलं नाव पायथन ताडून बघतो, बिनटिंबाचं नाव भरून घेतो. एवढा एक नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या मुलांची हीच चूक असते आणि ती हुशार मुलं असतात. (पायथन ३ मध्ये नावं देवनागरीत दिलेली चालतात हे तुला माहीत आहे, हे बघून फार बरं वाटलं. विचार मराठीत चालत असेल तर नावंही मराठीत द्यावीत, असं मी वर्गात नेहमी सांगते.)

आता अर्थ आहे का, याबद्दल.

माझे वडील बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत पॅटर्न करायचे. बेळगावच्या वाचकांना पॅटर्न म्हणजे काय ते सांगायला नको : लाकडात घडवलेला मूळ आकार, जो वाळूत दाबून साचा तयार होतो आणि त्यात ओतीव पडतं. संध्याकाळी डबा द्यायला गेले की मी बघायची, निघालेलं कास्टिंग आणि लाकडी पॅटर्न शेजारी शेजारी ठेवून ते दोन्हींवरून हात फिरवायचे. फूटपट्टी नंतर. एकदा मला एक बाजूला काढलेलं कास्टिंग सारखंच वाटलं, तर म्हणाले, “दिसतंय तसंच, खरं आतला खण भरलाय बघ.” आधी आकार बघायचा, त्यातच कुठला भाग कुठे आहे ते कळतं, मग मापं घ्यायची.

इफ-एल्समध्ये आपण नेमकं उलटं करतो. वस्तू हातात घेऊन एकेक प्रश्न विचारतो. गाडी कर्नाटकची का? हो. मग साधी का? हो. मग प्रवासी महिला का? प्रत्येक उत्तर डोक्यात धरून पुढचा प्रश्न. सहाव्या पायरीवर आलं की पहिल्या पायरीवर काय उत्तर दिलं होतं ते आठवायला वर जावं लागतं. पॅटर्न मॅचिंगमध्ये पूर्ण आकार एका ओळीत मांडायचा आणि आलेली वस्तू त्यावर ठेवून बघायची. बसली की तिचे भागही त्याच ओळीत हाताला लागतात. तुझ्या प्रवासात ‘पासून, पर्यंत, अंतर’ असे तीन भाग असतील, तर पॅटर्नमध्येच तिथे ‘अंतर’ हे नाव लिही. जुळताक्षणी अंतर त्या नावात आलेलं असतं, वेगळं काढायला नको. ज्या गोष्टीने तुला फसवलं, ती खरं तर इतक्या कामाची आहे.

कोड लिहिण्याआधी वहीत मराठीत मांडायची माझी सवय आहे. तुझं तिकीट मी असं मांडीन :

कर्नाटकची साधी गाडी, कर्नाटकची रहिवासी महिला, राज्यातला प्रवास : शून्य
महाराष्ट्राची गाडी, वय ७५ किंवा जास्त, राज्यातला प्रवास : शून्य
महाराष्ट्राची गाडी, महिला, राज्यातला प्रवास : निम्मं
महाराष्ट्राची गाडी, वय ६५ ते ७५, राज्यातला प्रवास : निम्मं

पहिली ओळ ११ जून २०२३ ला सुरू झालेल्या कर्नाटकच्या शक्ती योजनेची. बाकीच्या एसटीच्या : पंचाहत्तरीपुढच्यांना मोफत प्रवास ऑगस्ट २०२२ पासून, महिलांना निम्मं तिकीट १७ मार्च २०२३ पासून. आपल्या भागात एकाच स्टँडवर दोन्ही राज्यांच्या गाड्या लागतात आणि एकाच घरातली सासू-सून दोन वेगळ्या नियमांनी प्रवास करतात. तू सरावाला विषय छान निवडलास, शहरातल्या पुस्तकात असा सापडणार नाही.

दुसरी आणि तिसरी ओळ परत वाच. कागलहून कोल्हापूरला निघालेली ७८ वर्षांची आजी दोन्हींत बसते. ती महिलाही आहे आणि पंचाहत्तरीपुढचीही. जुळणी वरून खाली होते आणि पहिली जी बसेल ती धरली जाते. ओळींची अदलाबदल केलीस तर आजीकडून निम्मे पैसे घेशील, आणि प्रोग्राम चुकीचा आहे हे कुणालाही कळणार नाही, फक्त आजीला कळेल. म्हणून जास्त नेमका आकार वर, जास्त ढोबळ आकार खाली. वयासारखी तुलना आकारात बसत नाही, ती पॅटर्नच्या पुढे इफ लावून जोडायची. इफ इथेही राहतो. फक्त त्याच्या डोक्यावरचं ओझं कमी होतं.

माझ्या मांडणीत शेवटची एक ओळ नाही, ते तुझ्या लक्षात आलं असेल. ‘बाकी सगळे : पूर्ण तिकीट.’ ती मी मुद्दाम लिहिली नाही, आणि त्यामागे एक जुनी गोष्ट आहे.

मी नोकरीला नवीन असताना मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानासाठी शेतकऱ्याची पट्टी काढणारा प्रोग्राम लिहिला होता, फॉक्सप्रो या जुन्या भाषेत. माल आला, वजन झालं, अडत, हमाली, तोलाई, भाडं, उचल वजा जाता हातात किती, हे छापायचं. कांदा असेल तर असं, बटाटा असेल तर तसं, आणि शेवटी ‘नाहीतर’. त्या ‘नाहीतर’मध्ये मी पोत्यातल्या मालाचा सर्वसाधारण हिशेब ठेवला : पोत्यांची संख्या दिली नसेल तर पन्नास किलोला एक पोतं धरायचं आणि दर पोत्यामागे एक किलो बारदान वजा करायचं. पावसाळा संपला आणि रताळी यायला लागली. ती काहीजण पोत्यात न भरता ट्रॉलीत सुटी आणतात. माझ्या प्रोग्रामला सुटा माल हा प्रकारच माहीत नव्हता. तो ‘नाहीतर’मध्ये गेला. वीस क्विंटल रताळ्यांची चाळीस पोती धरली गेली, आणि कधी नसलेल्या पोत्यांचं चाळीस किलो वजन शेतकऱ्याच्या मालातून कापलं गेलं.

तीन आठवडे हे चाललं. मग एक वयस्क शेतकरी टोपीत घडी करून ठेवलेली पट्टी घेऊन आले. आवाज चढवला नाही. “माझी रताळी सुटी होती. पोतं कुणाचं वजा केलासा?” एवढंच विचारलं. मी आणि दुकानातले दिवाणजी दोन रात्री बसून सगळ्या पट्ट्या परत काढत होतो. ज्यांची रक्कम कमी गेली होती त्यातले काही पुढच्या बाजाराला आलेच नाहीत, त्यांच्यापर्यंत पैसे पोचवायला महिना लागला. प्रोग्राम एकदाही अडकला नव्हता. अडकला असता तर पहिल्याच दिवशी कळलं असतं.

तेव्हापासून ‘नाहीतर’ लिहिताना माझा हात थांबतो. त्याच्या पोटात काय काय जाणार आहे ते मला नावानिशी सांगता आलं पाहिजे. पॅटर्न मॅचिंग मला प्रिय आहे ते कमी ओळींमुळे नव्हे, यामुळे. मालाचे प्रकार आधी जाहीर करायचे : पोत्यातला, सुटा, रव्यातला गूळ. पट्टीत प्रत्येकाची ओळ लिहायची आणि सगळं गिळणारी शेवटची ओळ ठेवायची नाही. मग उद्या चौथा प्रकार आला आणि त्याची ओळ राहिली, तर रस्ट ही भाषा प्रोग्राम कंपाइलच करत नाही, म्हणजे चालण्याजोगा बनवूनच देत नाही. कुठला प्रकार सुटला तेही सांगते. जावा २१ मध्येही, प्रकार ‘सील्ड’ म्हणून बांधलेले असतील तर, स्विचमध्ये एक जरी राहिला तरी कंपायलर अडवतो. माझ्या टेबलावर ती टोपीतली पट्टी यायच्या आधीच मला ते कळलं असतं.

तिकिटात याचा उपयोग बघ. समज, तुझ्या प्रोग्राममध्ये तिकिटाचे तीन प्रकार होते : पूर्ण, अर्धं, पास. आता ‘शून्य’ हा चौथा आला. शून्य तिकीट म्हणजे तिकीट नाही असं नव्हे. कंडक्टर ते छापून देतो, कारण सरकारकडून महामंडळाला मिळायच्या रकमेचा हिशेब त्यावरच होतो. म्हणजे दिवसाचा गल्ला मोजणाऱ्या फंक्शनला ते शून्य धरायला हवं, सरकारी हिशेबाच्या फंक्शनला मूळ भाडं लागेल, आणि प्रवासी मोजणाऱ्याला एक माणूस. तीन जागी तीन वेगळी वागणूक. ‘नाहीतर’ लिहून ठेवला असेल तर तिन्ही जागा गप्प राहतील आणि तिन्ही आकडे चुकतील. प्रकार बांधून घेतले असतील तर कंपायलर तुला तिन्ही जागांवर हात धरून नेईल.

पायथन मात्र एवढं करत नाही, हे नीट समजून घे. त्यात मॅच आलं ते ३.१० या आवृत्तीत, ऑक्टोबर २०२१ ला. कुठलीच केस जुळली नाही तर पायथन काही न बोलता पुढे जातो. म्हणून तिथे शेवटची केस ठेव, खरं तिच्यात अंदाजाचं उत्तर न देता एरर फेक, आणि कुठली वस्तू आली होती ती त्या एररमध्ये छाप. ३.११ पासून ‘असर्ट नेव्हर’ नावाची सोय आहे. ती त्या जागी लिहिलीस आणि मायपाय किंवा पायराईटसारखं तपासणीचं साधन लावलंस, तर सुटलेला एनमचा प्रकार प्रोग्राम चालवण्याआधीच सापडतो. आणखी एक : इफ लावलेल्या केसचा भरवसा रस्टचा कंपायलरही धरत नाही. वयाची अट सगळी वयं झाकते की नाही, ते तुलाच बघायचं आहे. सहा वर्षांचं पोर आणि ऐंशीचे आजोबा, दोघांनाही प्रोग्राममध्ये बसवून बघ.

सहा पायऱ्यांचा जुना प्रोग्राम फेकू नकोस. दोन्ही प्रोग्रामना एकसारखे प्रवासी दे आणि उत्तरं ताडून बघ. जिथे फरक पडेल तिथे कोण बरोबर ते नियम उघडून ठरव.

प्रश्न : पॅटर्न मॅचिंगमुळे प्रोग्राम वेगाने चालतो असं एका व्हिडिओत ऐकलं. खरं का? आणि हे दोन-तीन वर्षांतलं नवं खूळ तर नाही ना? आमच्या शाळेतल्या मुलांना शिकवावं का?
– एक शिक्षक, खानापूर

उत्तर : वेगासाठी शिकवू नका. काही भाषांचे कंपायलर सगळ्या केस एकत्र बघून त्यांचं निर्णयवृक्षात (एका उत्तरावरून पुढचा प्रश्न ठरेल अशा फांद्यांत) रूपांतर करतात, त्यामुळे एकच गोष्ट दोनदा तपासली जात नाही. पायथन मुळात एकेक केस वरून खाली बघत जातो, तिथे वेगाची आशा धरू नये. नुसतं एका किमतीवरून दुसरी किंमत काढायची असेल, जसं गावाच्या नावावरून तालुका, तर डिक्शनरी, म्हणजे अशा जोड्यांची यादी, वापरावी. ती सगळ्यात सरळ.

खूळ म्हणाल, तर ते पन्नास वर्षं जुनं आहे. एडिंबरा विद्यापीठात १९७० च्या दशकात रॉबिन मिल्नर आणि सहकाऱ्यांनी एमएल ही भाषा केली. तिथेच १९८० च्या सुमारास रॉड बर्स्टॉल, डेव्हिड मॅक्वीन आणि डॉन सॅनेला यांनी होप केली. फंक्शन पॅटर्नच्या ओळींनी लिहायची पद्धत तिथे रुजली. मिल्नरना १९९१ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला, त्यात एमएलचाही वाटा होता. या भाषांमधली मला फार आवडणारी गोष्ट अशी, की वस्तू ज्या आकारात लिहून घडवायची, त्याच आकारात लिहून ती उलगडायची. माझ्या वडिलांना हे सांगायला ते हवे होते. त्यांचा पॅटर्नही दोन्हीकडे चालायचा. जावा आणि पायथनसारख्या सगळीकडे वापरल्या जाणाऱ्या भाषांमध्ये ही पद्धत पोचायला मात्र आत्ताची वर्षं उजाडली, म्हणून ती नवी वाटते.

मुलांना जरूर शिकवा, पण संगणक बंद ठेवून सुरुवात करा. बाजारच्या दिवशी खानापूरच्या मुलांना विचारा, माल किती प्रकारांनी येतो : पोत्यात, टोपलीत, जुडीने, नगावर. प्रत्येक प्रकाराचा हिशेब एका ओळीत लिहायला सांगा. मग एकाने दुसऱ्याच्या यादीत न बसणारा माल शोधून आणायचा. आठवी-नववीची मुलं यात मोठ्यांपेक्षा तरबेज असतात. कन्नड माध्यमातली मुलं वर्गात असतील तर त्यांनी त्यांच्या शब्दांत लिहावं, हिशेब तोच येतो.

प्रश्न : आम्ही उद्यमबागमध्ये मशीनकडून येणारे संदेश वाचून नोंद ठेवणारा प्रोग्राम सांभाळतो. जावा ८ आहे, बदलायची परवानगी नाही. संदेशाच्या प्रकारावर चालणारी इफ-एल्सची रांग दोनशे ओळींवर गेली आहे. तापमान आणि दाबाच्या मर्यादांच्या अटीही त्यातच आहेत. आम्हाला या सगळ्याचा काही उपयोग?
– एक वाचक, बेळगाव

उत्तर : आहे. आधी रांगेचे दोन ढीग करा. तापमान अमुकच्या वर, दाब तमुकच्या खाली, या तुलना आहेत. त्यांना इफच योग्य, त्या तिथेच राहू द्या. फंक्शनच्या सुरुवातीलाच चुकीचे संदेश परत पाठवून द्या, म्हणजे पायऱ्या आत आत जाणार नाहीत.

दुसरा ढीग संदेशाच्या प्रकारांचा. जावा ८ मध्ये पॅटर्न मॅचिंग नाही, पण एनम आहे आणि त्याला अमूर्त मेथड देता येते. प्रत्येक संदेशप्रकार एनममध्ये एक नाव, आणि ‘नोंद कर’ ही मेथड प्रत्येकाने स्वतःची लिहायची. एखाद्या प्रकाराने ती लिहिली नाही तर जावा ८ चा कंपायलरसुद्धा अडवतो. सगळ्यात महत्त्वाची सोय तुम्हाला जुन्या जावातही मिळते. मशीनकडून अनोळखी प्रकाराचा आकडा आला तर तो जवळच्या प्रकारात ढकलू नका, कच्चे बाइट्स जसेच्या तसे वेगळ्या फाईलमध्ये ठेवा आणि पाळीच्या माणसाला दिसेल असं करा.

मशीनचे संदेश हा पॅटर्न मॅचिंगचा अगदी घरचा विषय आहे. एरिक्सन कंपनीत १९८० च्या दशकात टेलिफोन एक्स्चेंजसाठी अर्लांग भाषा झाली. तिच्यात संदेशाचा पहिला बाइट प्रकाराचा, पुढचे दोन लांबीचे, बाकी मजकूर, असा आकार एका ओळीत लिहून संदेश थेट उलगडता येतो. भाषा बदलायची नसली तरी ही मांडणी कागदावर करता येईल.

तुमच्या संदेशांचे प्रकार किती, प्रत्येकात कुठले भाग, आणि शेवटच्या एल्समध्ये आज काय काय जातं, हे एका पानावर लिहून पाठवा. मशीन बनवणाऱ्याचं नाव नको. पुढच्या अंकात त्यावरून एनम पाडून दाखवते.